बंधारा नव्हे, पाळ!

विश्रामबागेतल्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय : "पुरापासून सांगली वाचवायला कृष्णेच्या काठानं 'लेव्ही', म्हणजे मातीची लांब भिंत, बांधावी, अशी चर्चा कानावर येते. कुणी तिला बंधारा म्हणतं, कुणी तटबंदी. बरोबर काय? आणि पूर्वी कारखान्यांना सरकारला ठरलेल्या भावानं द्यावी लागायची, त्या लेव्ही साखरेशी या लेव्हीचं काही नातं आहे का?"

आधी बंधारा. या अर्थानं हा शब्द ऐकला की माझं डोकं उठतं. परवा हरभट रोडला चहाच्या गाड्यावर एक गृहस्थ छातीठोक सांगत होते, "आयर्विन पुलापासून हरिपूरपर्यंत बंधारा घातला की पूर संपला." अहो, बंधारा नदीला आडवा असतो! पाणी अडवून साठवायला. म्हैसाळचा बघून या. नदीच्या लांबीनं बंधारा घालणं म्हणजे विहिरीत आडवी शिडी टाकणं. तटबंदी आपल्या गणेशदुर्ग किल्ल्याला राहू द्या. लेव्ही साखरेचं एका वाक्यात : दोन्ही शब्द इंग्रजीतले, वेगळे, पण मूळ एकच, फ्रेंचमधला 'वर उचलणे' या अर्थाचा धातू. एकीकडे माती उचलून रचली, दुसरीकडे कर उचलला. संपलं.

आता खरा शब्द. पाळ.

भंडारा-गोंदियाकडं आजही 'तलावाची पाळ फुटली' असंच म्हणतात. आमच्याकडचे काही जाणकार नाक मुरडतात, की हा तिकडचा शब्द, कृष्णाकाठी कशाला? तिकडचा? आरशात बघा, तुमच्या दोन्ही कानांना लोंबतोय! माझ्या आजीच्या कानाची पाळ कुड्यांच्या वजनानं इतकी ओघळली होती, की भोकातून पलीकडचा उजेड दिसायचा. ती पाळ आणि तळ्याची पाळ एकच. संस्कृतात 'पालि' म्हणजे कड, काठ, बांध. कर्णपालि म्हणजे कानाची कड. दोन स्वरांमधल्या एकट्या 'ल'चा मराठीत 'ळ' होतो : फल-फळ, काल-काळ, पालि-पाळ. जोडाक्षरी 'ल्ल' असेल तर मागचा स्वर दीर्घ होतो आणि 'ल' तसाच राहतो. म्हणून भिंतीवरची 'पल्ली' झाली पाल. तारळीकाठच्या खंडोबाचं पाल हे गावही मी 'पल्ली', म्हणजे वस्ती, यातलंच मानतो.

'पालि'चा आणखी एक अर्थ आहे ओळ. तिथून आपली पाळी. कुळवाच्या दोन पाळ्या दिल्या म्हणतो ती पाळी, आणि कालव्याच्या पाण्याची पाळी तीही. उन्हाळ्यात पाळीची वाट बघायची आणि पावसाळ्यात पाळ नाही म्हणून रडायचं, असा हा एकाच शब्दाचा आपल्या जिल्ह्यातला संसार. पाली भाषेचं नावही बहुतेक अभ्यासक याच ओळीशी जोडतात. श्रीलंकेत बाराव्या शतकात रचलेला 'अभिधानप्पदीपिका' हा पाली कोश 'पालि'चे अर्थ देतो सेतु, तन्ति आणि पन्ति. तन्ति म्हणजे ग्रंथपाठ, पन्ति म्हणजे पंक्ती. आणि सेतु? पूल म्हणून पुढं जाऊ नका. सेतूचा जुना अर्थ बांधच. कौटिल्याचा सेतुबंध म्हणजे धरणं, तलाव, पाटबंधारे. पूल हा फारसी पाहुणा आल्यावर सेतू बिचारा पुस्तकात गेला. आता दाखल्यांच्या रांगेत उभा असतो.

यापुढचं माझं स्वतःचं. काठ या अर्थाची पाळ आणि रक्षण या अर्थाचं पाळणं, हे मुळात एकच असावेत. भाषाशास्त्रातली मंडळी यावर हसतात. दोन व्युत्पत्ती वेगळ्या ठेवा, म्हणतात. ठेवतो की! पण मग सांगा, आपण मर्यादाच का 'पाळतो'? मर्यादा म्हणजे तरी काय? काठ, हद्द. समुद्र मर्यादा सोडत नाही म्हणतो, तेव्हा तो किनारा ओलांडत नाही एवढंच. शब्द पाळणं, वेळ पाळणं, पथ्य पाळणं, सगळीकडे कडेच्या आत राहणंच आहे. जुन्या पाली परंपरेतही 'पालि' म्हणजे राखणारी, अशी फोड केलेली आहे. ती मंडळी काही अडाणी नव्हती. हसणाऱ्यांनी एक पावसाळा आमच्या नदीकाठच्या गावभागात काढावा, मग राखणारी कड म्हणजे काय ते व्युत्पत्तीशिवाय कळेल. आमच्या जिन्याच्या भिंतीवर २०१९ ची चिखलाची रेघ अजून आहे. आयर्विन पुलाशी नदीचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ ला ५७ च्याही वर. पाळ घालायची तर त्या रेघेच्या वर घालावी लागणार.

आणि कानाच्या पाळीसारखं हिलाही भोक असणार. पुराचं पाणी सांगलीत नुसतं काठावरून येत नाही, गावातून नदीला मिळणाऱ्या शेरीनाल्यातून उलटं चढतं. भोकात कुडी घालावी तशी नाल्याच्या तोंडाला झडप बसवायची. झडप मिटली की गावातलं पावसाचं पाणी आतच कोंडणार, ते पंपानं नदीत फेकायचं. म्हणजे डिझेल आलं, माणूस आला, रात्रपाळी आली. बघा, पाळी पुन्हा आलीच.

बाई, तुमचा प्रश्न राहिलाच. मुलांना 'पूरसंरक्षक पाळ' लिहायला सांगा. नुसतं 'बांध' लिहिलं तरी मी गुण कापणार नाही. फक्त पुलापलीकडं सांगलवाडीत हा शब्द जरा जपून वापरा. अलीकडच्या काठाला पाळ घातली की नदीची पसरायची जागा आवळते, पाणी चढतं आणि ज्या काठाला पाळ नाही तिकडं वळतं. तिथला माणूस लगेच विचारेल, "पाळ तुमच्या कानाला, भोक आमच्या का?"