वजन क्षमतेपेक्षा कमी, तरी मागची चाके का उचलली जातात?

प्रश्न : वाडी येथील आमच्या गोदामात 2,500 किलो क्षमतेची फोर्कलिफ्ट आहे. पंपसेटची एक लाकडी पेटी 1,800 किलोंची, 2 मीटर लांब व 1.2 मीटर रुंद असून मोटार एका टोकाला असल्याने ते टोक जड आहे. ती उचलताना मागची चाके जमीन सोडतात, म्हणून ऑपरेटर दोन हेल्परांना मागे उभे करतो. वजन कमी असूनही असे का होते? तसेच आवारात उघड्यावर पाइपांची थप्पी कशी लावावी?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : हेल्परांना मागे उभे करणे आजच बंद करावे आणि मगच पुढचे वाचावे. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते. ती चाके हलकी झाली की स्टिअरिंगचा ताबा जातो, आणि यंत्र कलंडले तर मागे उभा असलेला माणूस फेकला जातो किंवा चिरडला जातो. शिवाय माणसांच्या वजनाने मागची चाके टेकली, तरी मास्ट (माल वर-खाली नेणारा पुढचा उभा सांगाडा), साखळ्या आणि पुढचा आस यांच्यावरचा जादा भार तसाच राहतो.

आता कारण पाहू. यंत्रावरील पाटीवर 2,500 किलोंच्या शेजारी लोड सेंटरचा आकडा असतो, आणि या आकाराच्या यंत्रांत तो बहुधा 500 मिलिमीटर असतो. मालाचा गुरुत्वमध्य फोर्कच्या, म्हणजे माल उचलणाऱ्या दोन पात्यांच्या, उभ्या पाठीपासून तेवढ्या किंवा त्याहून कमी अंतरावर असेल, तरच पूर्ण क्षमता मिळते. यंत्र पुढच्या आसावर तराजूसारखे तोललेले असते, म्हणून अंतर त्या आसापासून मोजावे लागते. आसापासून फोर्कच्या पाठीपर्यंतचे अंतर यंत्रागणिक बदलते. ते 450 मिलिमीटर धरून हिशेब करू : 2,500 ला 950 ने (450 अधिक 500) गुणावे आणि आसापासून गुरुत्वमध्यापर्यंतच्या एकूण अंतराने भागावे. आपली पेटी लांबीच्या दिशेने उचलली आणि जड टोक पुढे राहिले, तर गुरुत्वमध्य साधारण 1,200 मिलिमीटरवर जातो आणि क्षमता 1,440 किलोंच्या आसपास उरते. म्हणजे मागची चाके उचलली जाणारच.

पेटी फिरवून जड टोक मास्टकडे घेतले, तर गुरुत्वमध्य 800 मिलिमीटरवर येतो व क्षमता 1,900 किलो होते. हे पुरेसे वाटेल, पण नेहमीचे फोर्क 1,070 मिलिमीटरचे असतात आणि मालाच्या लांबीचा किमान दोन-तृतीयांश भाग त्यांच्यावर टेकायला हवा. त्यासाठी फोर्कवर लांब म्यान चढवावे, तर त्याचेच वजन उरलेले 100 किलो खाऊन टाकते. म्हणून माझ्या मते पेटी आडव्या बाजूने घ्यावी. 1.2 मीटरच्या रुंदीत गुरुत्वमध्य 600 मिलिमीटरवर राहतो आणि क्षमता सुमारे 2,260 किलो मिळते. मात्र दोन्ही फोर्कांचा मध्य पेटीच्या मध्याशी न जुळवता गुरुत्वमध्याखाली आणावा. परिणामी फोर्कांच्या मध्यापासून पेटी एका बाजूला 1,200 आणि दुसऱ्या बाजूला 800 मिलिमीटर पसरलेली राहील, तेव्हा वाटेतील खांब व रॅक आधी मोजून घ्यावेत.

गुरुत्वमध्याची खूण पेटीवर नसेल, तर पेटी जमिनीपासून जेमतेम 5 सेंटिमीटर उचलून थांबावे. जी बाजू झुकेल तिकडे फोर्क सरकवावेत. आपल्या यंत्राची नेमकी मर्यादा पाटीवरील तक्त्यातूनच घ्यावी, कारण मास्ट जसा वर जातो तशी क्षमता आणखी घटते. वाहतूक करताना मास्ट मागे कललेला, माल 15 ते 20 सेंटिमीटर उंचीवर आणि वेग चालण्याइतका असावा; पेटीमुळे समोरचे दिसत नसेल तर मागे पाहत उलटे चालवावे. रॅम्पवर मात्र माल नेहमी चढाच्या बाजूलाच राहिला पाहिजे. अशा एकीकडे जड पेटीवर दुसरी पेटी ठेवू नये.

पाइपांच्या बाबतीत फोर्क शक्य तितके रुंद करावेत आणि गठ्ठा पट्ट्यांनी घट्ट आवळल्याशिवाय उचलू नये. प्रत्येक थराखाली लाकडी गुटके एकाखाली एक, उभ्या रेषेत यावेत आणि कडेच्या पाइपांना दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकाव्यात. नागपूरच्या परिसरात बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. ती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे मे महिन्यात सरळ दिसणारी थप्पी ऑगस्टमध्ये एका अंगाला झुकू शकते. थप्पी काँक्रीटच्या पट्ट्यावरच लावावी, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला ओळंबा धरून तिचा कल तपासावा.