पाककृती शोधण्याआधी दिवस बघा

विचारलंय असं: "घरी रोज काय करायचं तेच सुचत नाही. ऋतू बदलला, पाहुणे आले, कुणी आजारी पडलं की आणखी गोंधळ. शेकडो पाककृती साठवून ठेवल्या आहेत, पण ऐन वेळी एकही हाताशी लागत नाही. तुम्ही कसं ठरवता?"

साठवलेल्या पाककृतींबद्दलचं वाक्य वाचलं आणि लगेच लिहायला बसले, कारण माझं बरीच वर्षं हेच चाललं होतं. माझी एक जाडजूड वही होती. पदार्थ भाज्यांप्रमाणे लावलेले: बटाट्याचे, कोबीचे, अंड्यांचे, कडधान्यांचे. वही अगदी नीटनेटकी, पण संध्याकाळी सात वाजता दमून घरात शिरल्यावर डोक्यात 'कोबीचं काय करू' हा प्रश्न नसतोच. तेव्हा प्रश्न असतो की हातात अर्धा तास आहे, अंगात त्राण नाही आणि घरच्यांना भूक लागली आहे. याचं उत्तर त्या वहीत कुठल्याच पानावर नव्हतं.

मग मी वही पुन्हा लिहिली, दिवसांप्रमाणे. थकलेली संध्याकाळ. अचानक आलेले पाहुणे. बाजार झाला नाही तो दिवस. घरात कुणी आजारी. बारा माणसांचं जेवण. उकाडा, पाऊस, थंडी. आणि एक रिकामी दुपार. प्रत्येक पानावर चार-पाच पदार्थ, त्याहून जास्त नाहीत. तुमच्याकडे साठवलेल्या शेकड्यांतले चाळीसेक या पानांवर वाटून टाका आणि बाकीचे निःशंक मनाने सोडून द्या. आपण घरी वर्षभर फिरवून फिरवून तेवढेच करत असतो.

यातलं रिकाम्या दुपारचं पान सगळ्यांत महत्त्वाचं, कारण थकलेली संध्याकाळ त्याच्याच जिवावर निभावते. दमलेल्या माणसाने नव्याने काही भिजवू नये, तासभर काही परतत बसू नये. वेळखाऊ काम आधीच होऊन गेलेलं असावं. माझ्याकडे ते काम म्हणजे कांदा. चार-पाच मध्यम कांदे उभे, पातळ चिरायचे, रुंद आणि जाड बुडाच्या भांड्यात दोन मोठे चमचे तेल आणि चिमूटभर मीठ घालून मध्यम आचेवर ठेवायचे. पहिली दहा-पंधरा मिनिटं काही घडतंय असं वाटतच नाही. कांदा पाणी सोडतो, मऊ पडतो, काचेसारखा दिसू लागतो आणि भांड्यातून ओल्या वाफेचा आवाज येत राहतो. जोवर हे पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या पुढे फारसं सरकत नाही, आणि कांद्याला तो तांबूस रंग आणि खमंगपणा झपाट्याने यायला १४० अंशांच्या आसपासची उष्णता लागते. म्हणून घाईने आच वाढवली तर कडा करपतात आणि मधला भाग पांढराच राहतो.

विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला आवाज बदलतो, कोरडा चुरचुर असा येतो आणि बुडाला तपकिरी थर धरू लागतो. तिथे दोन चमचे पाणी शिंपडायचं, उलथन्याने तो थर खरवडून कांद्यातच जिरवायचा. असं तीन-चार वेळा केलं की ४०-४५ मिनिटांनी भांडंभर कांद्याचा जेमतेम वाटीभर, गडद मधाच्या रंगाचा गोळा उरतो. 'कांदा पाच मिनिटं गडद तांबूस होईतो परता' असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं. त्यावर विश्वास ठेवू नका. पाच मिनिटांत कांदा मऊ होतो, एवढंच. हा गोळा फ्रीजमध्ये तीन-चार दिवस सहज राहतो आणि बर्फाच्या साच्यात घालून गोठवला तर महिनाभर तरी हवा तेव्हा एकेक खडा काढता येतो. शिजलेल्या डाळीत, सूपमध्ये, फेटलेल्या अंड्यात, उरलेल्या भातात एक चमचा पडला की तासभर चुलीपाशी उभं राहून केल्यासारखी चव येते. ते खरंही असतं, फक्त तो तास आधी कधीतरी झालेला असतो.

उरलेल्या भाताचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडं थांबते. गार झालेल्या भातातला स्टार्च घट्ट होतो, दाणा सुटा होतो, म्हणून परतलेला भात ताज्यापेक्षा आदल्या दिवशीच्या भाताचा चांगला होतो. पण तो भात फ्रीजमधला हवा, रात्रभर ओट्यावर राहिलेला अजिबात नको. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही तग धरतात. भात तासन्तास कोमट राहिला की जिवाणू वाढतात आणि त्यांचं एक विष असं आहे की पुन्हा कितीही गरम केलं तरी ते जात नाही. म्हणून उरलेला भात पसरट ताटात पातळ पसरून लवकर गार करते आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवते. खोलीत ३२ अंशांच्या वर उकाडा असेल तर एका तासाच्या आत. उंच पातेल्यात झाकून ठेवलेला भात मधोमध किती तरी वेळ गरम राहतो, हे एकदा हात लावून बघा.

अचानक पाहुण्यांच्या पानावर माझा पहिला पदार्थ मटारचं सूप आहे. त्यासाठी फ्रीझरमध्ये गोठवलेल्या मटारची पिशवी कायम असते, आणि त्यात कमीपणा मानायचं काही कारण नाही. मटार तोडले की त्यातल्या साखरेचा स्टार्च व्हायला लागतो, म्हणून तोडल्यानंतर लगेच गोठवलेला दाणा दोन-तीन दिवस पडून राहिलेल्या शेंगेतल्या दाण्यापेक्षा बरेचदा गोडच लागतो. त्या तांबूस कांद्याचा एक मोठा चमचा भांड्यात गरम करायचा, त्यावर तीनशे ग्रॅम मटार, तीन कप उकळतं पाणी आणि मीठ. चार मिनिटं उकळायचं, झाकण न ठेवता. मग मिक्सरमधून काढायचं, मात्र गरम सूप भांड्यात अर्ध्यापर्यंतच भरा आणि झाकणावर फडकं दाबून धरा, नाहीतर वाफेने झाकण उडतं. लिंबू पिळायचं ते वाटीत वाढल्यावर. भांड्यात आधीच पिळलं तर आंबटपणामुळे हिरवा रंग बघता बघता मळकट होतो. चहाचं पाणी उकळून कप भरेपर्यंत जेवढा वेळ जातो त्याहून फार जास्त वेळ याला लागत नाही.

बारा माणसांच्या पानाने मला सगळ्यांत जास्त शिकवलं. एकदा तेवढी माणसं जेवायला होती आणि मी राजमा करायचं ठरवलं. रात्रभर भिजवला होता, सगळं वेळेवर होतं. एकाच भांड्यात उरकावं म्हणून टोमॅटो सुरुवातीलाच घातले. अडीच तास उकळला तरी दाणा दाताखाली खड्यासारखाच. माणसं बसून राहिली, मुलं कंटाळून ब्रेड खाऊन झोपली. त्या रात्रीची ती शांतता मला अजून आठवते. कारण नंतर कळलं: दाण्याच्या पेशींना चिकटवून ठेवणारं पेक्टिन आंबटात विरघळायला फार वेळ घेतं. टोमॅटो, लिंबू, दही, व्हिनेगर, काहीही आंबट असो, कडधान्य दोन बोटांत सहज चुरडेपर्यंत त्यात घालायचं नाही. मिठाचं मात्र उलटं आहे. मिठाने कडधान्य निबर होतं असं आपण ऐकत आलोय, पण भिजवण्याच्या पाण्यात थोडं मीठ टाकलं तर सालं मऊ पडायला मदतच होते.

राजम्याबद्दल आणखी एक गोष्ट, जी कुणालाही पाककृती देताना मी हटकून सांगते. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, त्याने उलट्या-जुलाब होतात. निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेकून द्या आणि ताज्या पाण्यात खळखळ उकळा. दहा मिनिटं तरी लागतातच, मी अर्धा तास देते, आणि मग आच मंद करते. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात भिजवलेला राजमा तसाच टाकून दिवसभर ठेवू नका. तिथे उष्णता ८० अंशांच्या आसपासच राहिली तर त्रास कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांपर्यंत जातं, तिथे ही काळजी नाही.

बारा जणांसाठी करताना प्रमाण तिप्पट केलं म्हणून पाणी तिप्पट लागत नाही. पाणी किती आटणार हे भांड्याच्या तोंडावर ठरतं, आतल्या ऐवजावर नाही. तेव्हा पाणी हात राखून घाला, उकळतं पाणी शेजारी तयार ठेवा. आणि त्या दिवशी गरमागरम असं एकच काहीतरी करा. बाकीचं आदल्या दिवशी झालेलं असू द्या. शिजलेली कडधान्यं तर एक रात्र मुरल्यावर जास्त चांगली लागतात.

आता ऋतू. बरेच जण ऋतू म्हटलं की भाज्यांची यादी देतात. मला वाटतं ऋतूने आधी चुलीशी किती वेळ उभं राहायचं ते ठरवावं, भाजी त्यानंतर. उकाड्यात मी सगळं उकळणं-शिजवणं सकाळीच उरकते आणि संध्याकाळी गारच वाढते: शिजवून गार केलेले हरभरे किंवा मसूर, काकडी, कांदा, लिंबू, भरपूर पुदिना किंवा कोथिंबीर. यात एक गंमत लक्षात ठेवा. गार अन्नाची चव जिभेला कमी जाणवते. गरम असताना मीठ बरोबर वाटलेलं सूप फ्रीजमधून काढल्यावर सपक लागतं, सरबताचंही तसंच. म्हणून गार खायच्या पदार्थाची चव गार झाल्यावर पुन्हा घेऊन बघायची. आणि टोमॅटो उकाड्यातसुद्धा शक्यतो फ्रीजबाहेर ठेवा, थंडीने त्याचा वास आणि चव दोन्ही मरतात. फार पिकले असतील तरच फ्रीजमध्ये ठेवा आणि खायच्या आधी तासभर बाहेर काढा.

पावसाच्या दिवसांबद्दल एवढंच सांगते की कुरकुरीत काही करायचं असेल तर खाणारे पानावर बसल्यावर करा. दमट हवेत कुरकुरीतपणा फार टिकत नाही.

थंडीत मात्र चूल पेटती ठेवायलाच बरं वाटतं. गाजर, बीट, भोपळा, फ्लॉवर यांचे मोठे तुकडे तेल-मीठ चोळून ओव्हनमध्ये २०० ते २२० अंशांवर अर्धा-पाऊण तास भाजले की त्यांचा गोडवा बाहेर येतो. ओव्हन नसेल तर जाड तवा चालतो. फक्त तुकडे एकावर एक नकोत, त्यांच्यात बोटभर जागा हवी. दाटी झाली की भाजीतून सुटलेली वाफ तिथेच कोंडते आणि भाजी भाजली न जाता उकडते. दोनदा भाजायची तयारी ठेवा, पण दाटी करू नका.

आजारी माणसाच्या पानावर माझ्याकडे फार थोडं आहे. मऊ भात, पातळ डाळ, भाज्यांचं गाळलेलं सूप. प्रत्येक वेळी अर्धी वाटीच वाढते, कारण भरलेलं ताट बघून तापातल्या माणसाची उरलीसुरली इच्छाही जाते. आणि काय खावंसं वाटतंय ते त्यालाच विचारते.

शेवटी दुसऱ्यांना देण्याबद्दल, कारण पाककृती साठतात त्या कुणीतरी दिलेल्याच असतात. तुम्ही एखादा पदार्थ कुणाला लिहून द्याल तेव्हा तो कुठल्या दिवसासाठी आहे ते वर लिहा, आणि मिनिटांबरोबर खूणही लिहा. 'वीस मिनिटं' माझ्या शेगडीवरची, माझ्या भांड्यातली असतात. 'आवाज कोरडा होईपर्यंत', 'दाणा दोन बोटांत चुरडेपर्यंत', 'चमच्याच्या पाठीवर थर धरेपर्यंत' ही खूण कुठल्याही स्वयंपाकघरात तशीच राहते. आई तर काहीही सांगताना घड्याळाकडे बघायचीच नाही, म्हणायची, "वास आला की समजेल." लहानपणी मला त्याचा राग यायचा. आता मी वास कसा येतो तेही लिहून ठेवते.

माझं थकलेल्या संध्याकाळचं पान एका मैत्रिणीने उतरवून नेलं होतं. महिन्याभराने तिने तिच्या वहीतल्या त्या पानाचा फोटो पाठवला. कांद्याच्या ओळीपुढे तिने पेन्सिलीने लिहिलं होतं: "माझी कढई अरुंद आहे, पाणी आटायला तासभर लागला. पण आवाज बदलला तेव्हा लगेच कळलं."