घोडीला दर आठवड्याला शाम्पूने धुतो, तरी कोंडा जात नाही. अंघोळ वाढवू का?

वाढवू नका. उलट महिनाभर शाम्पू पूर्ण बंद ठेवा आणि रोज खरारा करा. मीही पहिल्या वर्षी हेच करायचो. दर आठवड्याला भरपूर फेस काढून घोडी धुवायची आणि ती चमकेल म्हणून वाट बघायची. चमक तर आली नाहीच, वर आयाळीच्या मुळाशी कोंडा धरला आणि ती खांबाला मान घासू लागली. डॉक्टरांनी तिच्या मानेवरून हात फिरवला आणि आधी शाम्पूची बाटलीच दाखवायला सांगितली.

घोड्याच्या कातडीतून तेलकट स्राव येतो. केसांची तकाकी त्याचीच, आणि पावसाचं पाणी अंगात न मुरता ओघळून जातं तेही त्यामुळेच. आपण दर आठवड्याला तोच धुऊन काढतो. माणसांचा शाम्पू तर मुळीच नको. आपल्या त्वचेचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा) 5.5 च्या आसपास असतो आणि घोड्याचा 7 च्या जवळ, त्यामुळे आपल्याला सौम्य वाटणारा शाम्पूही तिला मानवेल असं नाही.

साधं पाणी मात्र वेगळं. घामात लॅथरिन नावाचं प्रथिन असतं. तंगाखाली (खोगीर आवळायच्या पट्ट्याखाली) आणि मागच्या मांड्यांच्या मधे पांढरा फेस दिसतो तो त्याचाच. हा घाम अंगावर वाळला की मीठ राहतं आणि खाज सुटते. म्हणून काम करून घामाघूम झाली असेल तर नुसत्या पाण्याने धुवा, उन्हाळ्यात अगदी रोज धुतलं तरी चालेल. पायांपासून सुरुवात करून हळूहळू वर या, तोंड ओल्या फडक्याने पुसा, कानात पाणी जाऊ देऊ नका. शाम्पू माझ्याकडे आता फार तर महिन्यातून एकदा, तोही गरज पडली तरच, आणि थंडीत नाहीच. थंडीत घोडा केस उभे करून त्यांत हवा धरून ठेवतो, ओले केस अंगाला चिकटले की ती ऊब जाते. पांढऱ्या पायावर लिदीचा डाग पडला तर तेवढा पाय धुतला की झालं. शाम्पू लावलाच तर ओघळणारं पाणी अगदी स्वच्छ होईपर्यंत धुवा. तुमच्या घोडीचा कोंडा कदाचित मागे राहिलेल्या साबणाचाच असेल.

खरं काम खराऱ्याचं. रबरी खरारा घेऊन मानेपासून गोल गोल, जरा जोर लावून फिरवा. आधी राखाडी धूळ वर येते, मग मेलेले केस, मग कोंडा. त्यानंतर कडक ब्रश, शेवटी मऊ ब्रश. हाडं वर आलेल्या जागी आणि गुडघ्याखाली हात हलका ठेवा. खांद्यांमधल्या उंचवट्याशी खरारा पोचला की माझी घोडी वरचा ओठ लांब करून थरथरवते, तिथे मी मुद्दाम थोडा जास्त वेळ घालवतो. रोज वीस मिनिटं द्या. मला दीड महिन्यात फरक दिसला. तेल सगळ्या अंगावर पसरतं ते या घासण्यानेच. खाण्यात कमतरता किंवा पोटात जंत असतील तर मात्र कितीही घासलं तरी केस निस्तेजच राहतात, तेही तपासून घ्या.

धुतल्यावर पाणी निथळून काढा, खुरांच्या वरची मागची खोबण फडक्याने कोरडी करा, आणि पाठ पूर्ण वाळल्याशिवाय खोगीर चढवू नका. कातडी सतत ओली राहिली की डर्मॅटोफिलस नावाच्या जिवाणूला फावतं. पाठीवर खपल्या धरतात आणि खपली निघाली की तिच्याबरोबर केसांचा पुंजका रंगाच्या ब्रशसारखा हातात येतो. तसं काही दिसलं तर ओढून काढत बसू नका, तिला दुखतं. डॉक्टरांना दाखवा. गोल चकत्यांमधे केस गेले असतील तर नायट्याचा संशय धरा, तिचे ब्रश आणि खोगिराखालचं कापड त्याच दिवशी वेगळं करा आणि हात धुतल्याशिवाय दुसऱ्या घोड्याला लावू नका. नायटा माणसालाही लागतो.