शेड की शॅडो?

प्रश्न असा आलाय की शेड आणि शॅडो दोन्ही म्हणजे सावलीच, मग कुठलाही वापरला तर काय बिघडतं? बिघडतं! उन्हाळा लागला की ‘गाडी शॅडोत लाव’, ‘सिट इन द शॅडो’ हे इतक्यांदा कानावर येतं की आता राहवत नाही. ऊन लागू नये म्हणून बसतो ती शेड, तिला आकार नाही आणि या अर्थी ती मोजतही नाहीत. शॅडो कुणाची तरी असते, तिला आकार असतो, ती भिंतीवर पडते, एकाच्या दोनही होतात. क्रियापदातही तेच, ऑफिसात नवीन माणूस सीनियरला शॅडो करतो म्हणजे मागे मागे राहून काम बघतो, तिथे शेड चालणारच नाही. रंगांच्या शेड्स सगळ्यांना माहितीयेत, सोडून देतो.

खरी मजा पुढे आहे. हे मुळात दोन शब्द नव्हतेच! जुन्या इंग्रजीत एकच शब्द, कर्ता असताना साधारण ‘शॅदू’ आणि इतर विभक्तींत ‘शॅद्वे’. आपल्याकडे मळा, पण मळ्यात, मळ्याला, तसंच. पुढे इंग्रजीतल्या विभक्ती झडल्या पण दोन्ही रूपं जगली, पहिल्याचं शेड झालं, दुसऱ्याचं शॅडो. म्हणजे शॅडो हे चक्क सामान्यरूप आहे! मीड आणि मेडो (कुरण) ही जोडीही अशीच. इंग्रजांना हे समजावताना पानंच्या पानं लागतात, मराठी पोराला ‘मळा-मळ्या’ म्हटलं की झालं, आणि तरी आपल्या इंग्रजीच्या तासाला हे कुणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं. माझं तर मत आहे की शॅडो कायम ‘कुणाची तरी’ असते त्यात ‘शॅद्वे’मधल्या जुन्या षष्ठीचा, म्हणजे आपल्या ‘चा-ची-चे’चा, वास अजून उरलाय. कोशकार हे मानणार नाहीत, मी मानतो.

आणि ‘शेड हा छायावरूनच आला’ असं ठोकून देणाऱ्यांनी कृपया थांबावं, नुसत्या आवाजाच्या सारखेपणावर व्युत्पत्ती होत नाही. शेडचं नातं ग्रीक ‘स्कोतोस’शी, म्हणजे अंधाराशी. छायाची सख्खी बहीण ग्रीक ‘स्किआ’, तिला ‘ऊरा’ म्हणजे शेपूट जोडून ‘स्किऊरोस’ झाला, शेपटीची सावली करणारा, आणि तोच लॅटिन-फ्रेंचमधून फिरत इंग्रजीत स्क्विरल, म्हणजे खार, झाला. आपली छाया इंग्रजीत शोधायचीच असेल तर ती खारीच्या शेपटीखाली सापडते, शेडमध्ये नाही.