त्याला वही देऊन बसवू नकोस

अरे, तुझा तो लांबलचक मेसेज वाचला. सातपूरला वस्तीत मुलांचा आरोग्य गट सुरू करतोयस, मस्तच, पण टोप्या आणि बॅनरवर इतकं डोकं लावलंयस ते आधी बाजूला ठेव बाबा, गटातल्या अपंग पोरांना खरं काम कसं देशील ते बघ.

मुलांनीच मुलांच्या आरोग्याकडे बघायचं, ही आयडिया तशी जुनी. 1978 च्या सुमारास लंडनला डेव्हिड मोर्ली आणि ह्यू हॉज यांनी चाइल्ड-टू-चाइल्ड नावाने सुरू केली. मूळ मुद्दा साधाच की गरिबाघरी धाकट्याला मोठं भावंडच सांभाळतं. आपल्याकडे वेगळं काय आहे? आई कंपनीत शिफ्टला, आणि नऊ वर्षांची ताई कडेवर बाळ घेऊन. मग बाळाला जुलाब झाले की द्यायचं पाणी करायला तिलाच यायला हवं ना, एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा आणि सपाट, हे करून दाखव, कारण आपल्याकडे चमचा म्हटलं की शिगोशीग भरतात आणि मीठ जास्त झालं तर बाळाला त्रास होतो.

आता माझी चूक सांगते. पंचवटीत आम्ही मुलांना घेऊन दर शनिवारी डेंग्यूच्या अळ्या शोधायचो, पिंप, कूलर, फ्रिजमागचा ट्रे सगळं. व्हीलचेअरवरचा एक मुलगा होता, बोळ अरुंद म्हणून मी त्याला बोळाच्या तोंडाशीच वही देऊन बसवलं, वर फोटोत पुढे घेतलं, आणि मला वाटलं झालं की सामावून घेतलं! तीन आठवड्यांनी म्हणतो, "ताई, मी अजून एक पण अळी बघितली नाही." काय बोलणार मी.

मग पोरांनीच ठरवलं, पांढऱ्या वाटीत पाणी काढून त्याच्याकडे न्यायचं. वाटी हलली की अळ्या तळाशी पळतात, त्या वर येईपर्यंत तो थांबायचा, अळी की तिचा पुढचा कोष हे तोच ठरवायचा. राऊंड तासभर लांबला, दोघं कुरकुरले, कुरकुरू दे. पिंप नुसतं ओतायचं नाही तर घासायचं, कारण अंडी काठाला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्महिने टिकतात, हे बायकांना पटवायचं कामही मग त्यानेच घेतलं. हट्टी पोरगा, सोडायचा नाही कोणाला.

अजून एक, समाजमंदिराला पायऱ्या असतील तर मीटिंग खाली ओट्याशेजारीच घे. सहा इंची एका पायरीला सहा फुटी उतार लागतो, नुसती फळी टाकून भागत नाही. आणि 2016 च्या कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वं आहेत, त्यातली बरीच दिसत नाहीत, तेव्हा "हा लक्षच देत नाही" असं पटकन म्हणू नकोस, कदाचित त्याला ऐकू येत नसेल.

आणि हो, राऊंड नळाच्या वेळेत ठेवू नकोस, पाणी आलं की कोणी दार उघडत नाही.

तुझी ताई