खळं खोडू नकोस

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. अडीचशे पानं मालवणी वळणाच्या मराठीत लिहून झाली आणि आता ती तुला इंग्रजीत घालायची आहेत. का, तर "ही भाषा वाचणार किती जण?" राग आला मला. तुझा नाही, त्या प्रश्नाचा.

1955 साली हाल्डोर लाक्सनेस या आइसलँडच्या कादंबरीकाराला नोबेल मिळालं तेव्हा आख्ख्या आइसलँडची वस्ती दीड लाखाच्या आसपास. सगळे मिळून आपल्या एका तालुक्याएवढे. त्याच देशातला गुन्नार गुन्नार्सन डॅनिशमधून लिहून युरोपभर गाजला होता, म्हणजे वाट मळलेलीच होती. लाक्सनेसही पंचविशीत कॅलिफोर्नियाला गेला, सिनेमासाठी लिहायचं म्हणून. दोनेक वर्षांनी परतला आणि लिहिलं कशावर? मासळी खारवणाऱ्या गावातल्या एका मुलीवर. मग मेंढरांपायी बायकापोरांची परवड करणाऱ्या हट्टी शेतकऱ्यावर. आइसलँडिकमध्येच! स्टॉकहोमच्या मेजवानीत बोलताना त्यानं आठवण काढली ती आजीची. अक्षरओळख व्हायच्या आधी तिनं त्याला जुन्या कवितांच्या शेकडो ओळी शिकवल्या होत्या.

तू म्हणशील, त्याची गोष्ट वेगळी. काय वेगळी? मेंढरांवर लिहिताना त्याला नोबेल दिसत होतं का?

माझं सांगतो. पहिल्या कादंबरीत मी 'खळं' लिहिलं होतं. घरापुढचं, पाऊस सरला की चोपून शेणानं सारवलेलं. वडिलांना शेवटचं तिथंच ठेवलं होतं. संपादक म्हणाले, घाटावरच्या वाचकाला खळं म्हणजे मळणीचं वाटेल, 'अंगण' करा. मी केलं. एकेचाळीस ठिकाणी, लाल शाईनं, माझ्याच हातानं. पुस्तक आल्यावर आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "ह्यां कोणाचां घर रे?"

म्हणून ओरडतोय. भाषा बदलू नकोस. त्यानंतर मी कुणाला एक शब्द हलवू दिला नाही. दोन प्रकाशक त्यापायी गेले, लोक हेकट म्हणतात. म्हणू देत. माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

इंग्रजी व्हायचं तेव्हा होईल, भाषांतर करणारं कुणी भेटेल. तू तुझी भाषा बदलू नकोस. तिसऱ्या प्रकरणात 'पडवी' खोडून तू आधीच 'व्हरांडा' केलंयस, पाहिलं मी. ते आधी पूर्ववत कर आणि मगच पुढचं पाठव. दिवाळीला घरी आलीस की तुझ्या आजीला मोठ्यानं वाचून दाखवू.

तुझा,
काका