कृषी शास्त्रज्ञ नेमकं काय करतात, आणि मुलीने त्या वाटेला जावं का?

भाऊ, तुमचा प्रश्न असा आहे: मुलगी बारावी सायन्सला आहे, घाटंजी तालुक्यात कोरडवाहू शेती आहे, तिला शेतीतली शास्त्रज्ञ व्हायचं आहे. घरचे म्हणतात, शेतीतच राहायचं तर एवढं शिकून काय उपयोग, त्यापेक्षा एमपीएससी का नको? आणि या शास्त्रज्ञांनी आजवर आपल्यासाठी केलं तरी काय?

मी दर्यापूरकडची, खारपाणपट्ट्यातल्या कापूस-तूर-हरभऱ्याच्या घरातली. वनस्पती पैदासशास्त्रात, म्हणजे पिकांचे नवे वाण तयार करण्याच्या शास्त्रात, पीएचडी केली, सध्या सोयाबीन आणि हरभऱ्याच्या वाणांवर काम करते. त्यामुळे पोरीचं मन मला कळतं आणि घरच्यांचा प्रश्नही.

आधी ‘केलं काय’ ते सांगते. विदर्भात सोयाबीन पसरलं ते जास्त करून ‘जेएस ३३५’ या वाणावर. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने तो १९९४ मध्ये दिला. हरभऱ्याचा ‘जाकी ९२१८’ तुम्ही पेरला असेल, त्यात अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या आणि इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या लोकांचे कष्ट आहेत. तुरीची ‘आशा’, म्हणजे आयसीपीएल ८७११९, ही मर आणि वांझ या दोन्ही रोगांना तोंड देते. हे आपोआप झालेलं नाही. मर रोगाची बुरशी मुद्दाम वाढवून ठेवलेला जमिनीचा एक तुकडा संशोधन केंद्रावर असतो, त्याला आम्ही ‘सिक प्लॉट’ म्हणतो. तिथे शेकडो ओळी पेरायच्या आणि मधूनमधून हमखास मरणाऱ्या वाणाची एक ओळ टाकायची. ती ओळ वाळली की समजायचं, रोग पुरेसा लागला आहे. मग तिच्या शेजारी जी झाडं हिरवी उभी राहतात त्यांचंच बी पुढे न्यायचं. वर्षानुवर्षं हेच चालतं. आज तुमच्या शेतातली तूर ऐन शेंगा भरताना उभ्याउभ्या वाळत नसेल, तर त्यामागे कुणाची तरी अशी दहा-पंधरा वर्षं असतात, आणि वाणाच्या नावात त्या माणसाचं नाव नसतं. ‘एकेए’ म्हणजे अकोल्याची देशी पऱ्हाटी, ‘एएमएस’ म्हणजे अमरावतीचं सोयाबीन, आणि पुढे एक आकडा.

नाव राहिलं अशी माणसंही आहेत, आणि आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण विद्यापीठाबाहेरचं आहे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. तिथले दादाजी रामाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले, शेती जेमतेम दीड एकर. १९८३ मध्ये ‘पटेल-३’ या वाणाच्या धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या खुडून बाजूला ठेवल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या लावल्या, त्यातून पुन्हा निवडल्या, पुन्हा लावल्या. असं करत करत बारीक दाण्याचा, चवीचा, भरघोस उत्पन्न देणारा धान हाती आला. त्या काळी लोकांच्या मनगटावर एचएमटीची घड्याळं असायची, तेच नाव धानाला पडलं. झाडीपट्टीतून, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातून, तो किती राज्यांत गेला! पुढे अकोल्याच्या विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाने वाण दिला आणि श्रेय कुणाचं यावर बरीच चर्चा झाली. खोब्रागड्यांनी त्यानंतरही आणखी वाण काढले. २००५ मध्ये त्यांना राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये फोर्ब्स मासिकाने दखल घेतली, आणि २०१८ च्या ३ जूनला ते गेले. शेवटची वर्षं आजारपणात आणि हलाखीत गेली, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

मी त्यांना शास्त्रज्ञच मानते. हजारो लोंब्यांत चार वेगळ्या दिसणं आणि त्या वेगळ्या का आहेत याचा छडा लावत राहणं, हे आमच्या विषयाचं मूळ आहे. फरक एवढाच की त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती, मदतनीस नव्हते, आणि कागदावर हक्कही नव्हता. २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्याने आता शेतकऱ्यालाही आपल्या नावावर वाण नोंदवता येतो. तुमच्या मुलीला हा कायदा आत्तापासून माहीत असू द्या.

आता रोजचं काम. ते कळल्याशिवाय पोरीने निर्णय घेऊ नये. ऑगस्टमध्ये सोयाबीन फुलावर येतं. फूल एवढंसं, तांदळाच्या दाण्याहून थोडं मोठं, आणि ते उमलण्याआधीच आत स्वतःचं परागीकरण उरकून घेतं. म्हणून उद्या उमलणारी कळी आज ओळखावी लागते: हिरव्या दलांतून पाकळीचं टोक जेमतेम डोकावत असतं. ओल्या मातीत बसून, चिमट्याने दलं काढायची, पाकळ्या काढायच्या, आतले दहा पुंकेसर अलगद काढायचे, मधल्या कुक्षीला धक्का लागू द्यायचा नाही. मग दुसऱ्या वाणाच्या ताज्या फुलातला पराग तिच्यावर टेकवायचा आणि दोऱ्याने चिठ्ठी बांधायची. यातल्या बऱ्याच कळ्या गळून जातात. ज्या धरतात त्यांच्या शेंगेत दोन-तीन दाणे. ते दाणे खरंच संकराचे आहेत की कळीने गुपचूप स्वतःचाच पराग घेतला, हे पुढच्या वर्षी कळतं. आई पांढऱ्या फुलाची आणि बाप जांभळ्या फुलाचा निवडलेला असला, तर उगवलेल्या झाडाला जांभळं फूल आलं की संकर साधला. त्या सकाळी प्लॉटवर जो आनंद होतो तो मला दुसऱ्या कशात मिळालेला नाही.

त्यानंतर सहा-सात पिढ्या निवड, मग केंद्रावरच्या चाचण्या, मग वेगवेगळ्या ठिकाणी तुलना, मग अखिल भारतीय समन्वित प्रकल्पात तीनेक वर्षं, मग समिती, मग राजपत्रात नोंद. त्यापुढे बियाणं वाढवत न्यायच्या पायऱ्या, पैदासकार बियाणं, पायाभूत, प्रमाणित, आणि तेव्हा कुठे तुमच्या हातात पिशवी. दहा-बारा वर्षं सहज जातात. ज्याने पहिला संकर केला तो कधीकधी निवृत्त होतो आणि वाण दुसऱ्याच्या कारकिर्दीत बाहेर पडतो. ज्याला दर वर्षी निकाल हवा असतो त्याला हे काम जाचतं.

आणि वाण दिला म्हणजे संपलं, असंही नाही. हे आपल्याइतकं कुणी भोगलेलं नाही, म्हणून कापसावर जरा थांबते. १९७० मध्ये सुरतेला सी. टी. पटेल यांनी एच-४ दिला, तो जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस. उत्पन्न वाढलं, पण दर वर्षी नवं बियाणं घेणं आलं. २००२ च्या मार्चमध्ये बीटीला, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार होतं अशा कापसाला, परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचं बीटी आलं. हिरव्या बोंडअळीवर त्याने खरंच आराम दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण गुलाबी बोंडअळी जवळपास फक्त कपाशीवरच जगते. आपले संकरित वाण लांब मुदतीचे, वर फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही तेच पीक पुढे उभं ठेवायची सवय, म्हणजे तिला जवळजवळ वर्षभर जेवण. त्यातच संकरित झाडाच्या बोंडातली सरकी सगळी सारखी नसते. काहीत बीटीचं जनुक येतं, काहीत येत नाही. म्हणजे एकाच बोंडात अळीला विष थोडं आणि खाणं भरपूर. अशाने प्रतिकारशक्ती वाढायला वेळ लागत नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे तेव्हाचे संचालक केशव क्रांती यांनी ही गोष्ट वारंवार मांडली होती. २०१७ ला काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. डोमकळ्या (आत अळी शिरल्याने न उमलणारी फुलं), किडकी बोंडं, आणि त्याच हंगामात तुमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली.

त्या वर्षीचं दुःख मनात ठेवूनच सांगते, इथे शास्त्रज्ञ लागतात ते वेगवेगळ्या विषयांचे. कीटकशास्त्रज्ञ कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे सापळे, लावून मोजतो: एका सापळ्यात रोज आठ पतंग, लागोपाठ तीन रात्री, म्हणजे आता उपाय करायची वेळ आली. त्याआधी औषध मारणं म्हणजे पैसा आणि जीव दोन्ही धोक्यात. पैदासकार कमी मुदतीचा, दाट पेरता येणारा सरळ वाण शोधतो, ज्याची सरकी घरची ठेवता येईल; नागपूरच्या संस्थेचा ‘सूरज’, अकोल्याचा ‘रजत’ हे त्याच वाटेवरचे. वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या डिंक्या रोगावर वनस्पती रोगशास्त्रज्ञ काम करतात; रोपवाटिकेची मातीच बुरशीमुक्त असावी, कलमाचा डोळा जमिनीपासून वर भरावा, हे त्यांनीच लावून धरलं. मातीवाले वेगळे, हवामानवाले वेगळे. मुलीला ‘शास्त्रज्ञ’ व्हायचं आहे म्हणजे यातलं कोण, हे तिला आज माहीत असण्याची गरज नाही. पण हे सगळे आहेत, एवढं तिला कळू द्या.

मुलगी आहे म्हणून काळजी असेल, तर जानकी अम्मल यांची गोष्ट तिला सांगा. जन्म १८९७, केरळातल्या तेलिचेरीचा. १९३१ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली, ज्या काळात आपल्याकडे मुलगी सातवी झाली तरी पुष्कळ होतं. कोईमतूरच्या ऊस पैदास केंद्रात त्यांनी उसाच्या गुणसूत्रांवर काम केलं, उसाचा संकर थेट मक्याशीही करून पाहिला. त्याच केंद्राने आधी १९१८ मध्ये ‘को २०५’ दिला होता. त्याचा एक पालक कोण, माहीत आहे? रानातला कांस! जे गवत उपटून उपटून आपले हात सोलतात तेच. उसाला काटकपणा त्याने दिला. जानकी अम्मल पुढे इंग्लंडला गेल्या, लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांवरचा मोठा ग्रंथ १९४५ मध्ये सहकाऱ्याबरोबर लिहिला, १९७७ मध्ये पद्मश्री मिळाली.

आणि एमपीएससीचं म्हणाल, तर कृषी पदवीची अर्धी मुलं आज त्याच अभ्यासाला लागलेली दिसतात. त्यात वाईट काही नाही, तालुका कृषी अधिकारीही चांगला लागतोच. पण एम. एस. स्वामीनाथन यांची १९४९ मध्ये आयपीएससाठी निवड झाली होती. बंगालचा दुष्काळ त्यांच्या मनात घर करून होता, त्यांनी ती नोकरी सोडून हॉलंडला बटाट्याच्या आनुवंशिकतेवर संशोधन करायला जाणं पसंत केलं. पुढची हरितक्रांती सगळ्यांना ठाऊक आहे.

आता वाट. बारावीनंतर सीईटी, मग बी.एस्सी. कृषी चार वर्षं. आपल्याकडे अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे, विदर्भातले अकराही जिल्हे त्याच्याकडे येतात. शेवटच्या वर्षी मुलं गावात राहून कार्यानुभव घेतात. तुमच्याही गावात कृषीकन्या आल्या असतील, त्यांच्याशी तिची गाठ घालून द्या. नंतर एम.एस्सी. दोन वर्षं, पीएचडी कमीत कमी तीन. मधल्या काळात अखिल भारतीय परीक्षेतून शिष्यवृत्ती मिळाली तर घरावर भार पडत नाही, म्हणून पदवीच्या तिसऱ्या वर्षापासूनच तिची तयारी करावी. केंद्राच्या संस्थांत शास्त्रज्ञ म्हणून लागायला वेगळी परीक्षा आहे. शिवाय कृषी विज्ञान केंद्रं, विद्यापीठं, खासगी बियाणे कंपन्या आहेत. नियम अधूनमधून बदलतात, त्या-त्या वर्षीचं माहितीपत्रक नीट वाचा.

एक कडू गोष्ट लपवत नाही: बारावीनंतर नऊ-दहा वर्षं शिक्षणात जातात, आणि सरकारी जागा निघतात त्या खूप खंड पाडून. माझ्या बरोबरीच्या कितीतरी हुशार मुली कंत्राटी कामावर वर्षं काढत आहेत. म्हणून पीएचडीआधी एखाद्या चांगल्या कंपनीच्या पैदास विभागात काम मिळालं तर कमीपणा मानू नका. शेत तिथेही तेच असतं, शिकायला भरपूर मिळतं.

फॉर्म भरायच्या आधी एक करा. अकोल्याच्या विद्यापीठात खरिपात शिवार फेरी असते, शेतकऱ्यांना प्लॉट खुले असतात. तिला घेऊन या. घरच्यांनाही आणा. तिथे स्टॉलवर फार वेळ घालवू नका, चाचणीच्या प्लॉटवर जा आणि तिला विचारू द्या: ही ओळ का ठेवली, ती का काढली? उत्तर ऐकताना तिचे पाय चिखलात दुखायला लागले तरी ती अजून एक ओळ पुढे सरकते का, ते बघा. तिचा ग्रुप कोणता आहे, जीवशास्त्र घेतलं आहे की नाही, आणि अकरावीचे मार्क किती, ते खाली लिहा; कोणत्या कॉलेजचा विचार करायचा ते मग सांगते.